जादा निवृत्तिवेतनाची वसुली : पत्र आल्यावर काय करावे?

निवृत्तिवेतन दरमहा खात्यात जमा होते आणि ते नियमाप्रमाणेच जमा होत असणार, असे गृहीत धरून निवृत्त माणूस आपला संसार आखतो. औषधपाणी, वीजबिल, घरकामाच्या बाईंचा पगार, नातवंडांच्या वाढदिवसाची भेट हे सारे त्या एका रकमेतून भागते. अशा वेळी एके दिवशी पत्र येते : ‘आपणांस पूर्वीच्या कालावधीत देय रकमेपेक्षा जादा निवृत्तिवेतन अदा झाले असून सदर रक्कम परत करावी.’ रक्कम कधी काही हजारांची असते, तर कधी लाखांच्या घरात जाते.

असे पत्र हाती पडल्यावर काही जण घाबरून त्याच दिवशी मुदत ठेव मोडतात आणि मागितलेली रक्कम भरून मोकळे होतात. काही जण पत्र कपाटात ठेवून देतात आणि पुढील महिन्यात निवृत्तिवेतन कमी जमा झाले की शाखेत येऊन संताप व्यक्त करतात. या दोन्ही मार्गांनी नुकसान ग्राहकाचेच होते. वसुलीचे पत्र म्हणजे न्यायनिवाडा नव्हे. तो एक दावा आहे. दावा तपासून घेण्याचा, त्यावर आपले म्हणणे मांडण्याचा आणि योग्य त्या प्राधिकाऱ्याकडून निर्णय मागण्याचा अधिकार निवृत्तिवेतनधारकास आहे. हा अधिकार कसा वापरावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

जादा रक्कम जाते कशी?

निवृत्तिवेतन ही वरकरणी एकच रक्कम दिसत असली तरी ती अनेक घटकांची बेरीज-वजाबाकी असते. मूळ निवृत्तिवेतन, त्यावरील महागाई वाढ, अंशराशीकरणापोटी होणारी कपात, वयपरत्वे मिळणारे अतिरिक्त निवृत्तिवेतन, वैद्यकीय भत्ता अशा प्रत्येक घटकाचा आरंभ आणि अंत वेगवेगळ्या तारखेशी बांधलेला असतो. एखादी तारीख चुकीची नोंदली गेली की चूक दरमहा होत राहते. सर्वसाधारणपणे पुढील प्रसंगी जादा रक्कम गेल्याचे आढळते :

• कुटुंब निवृत्तिवेतन वाढीव दराने ठरावीक मुदतीपर्यंतच देय असते. मुदत संपल्यावरही तोच दर चालू राहतो.

• अंशराशीकरणाची एकरकमी रक्कम हाती पडते. परंतु त्यापोटीची मासिक कपात सुरू करण्याचे राहून जाते.

• केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना वयाच्या ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ व्या वर्षी ३० टक्के, ९० व्या वर्षी ४० टक्के, ९५ व्या वर्षी ५० टक्के आणि १०० व्या वर्षी १०० टक्के अतिरिक्त निवृत्तिवेतन मिळते. जन्मतारखेची नोंद चुकली की ही वाढ वेळेआधीच सुरू होते.

• वेतन आयोगानंतरच्या सुधारित निश्चितीत मूळ रक्कम चुकते आणि पुढची प्रत्येक महागाई वाढ त्या चुकीच्या रकमेवर मोजली जाते.

• निवृत्तिवेतनधारकाच्या निधनाची वार्ता बँकेस उशिरा कळते. निवृत्तिवेतन मृत्यूच्या दिवसापर्यंतच देय असते. त्यापुढे जमा झालेली रक्कम शासनाची असते.

एक उदाहरण

समजा, मे १९५७ मध्ये जन्मलेला केंद्र शासनाचा एक कर्मचारी ३१ मे २०१७ रोजी निवृत्त झाला. त्याचे अखेरचे मूळ वेतन ५०,००० रुपये होते. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याचे निधन झाले आणि पत्नीस वाढीव दराने, म्हणजे अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के, २५,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. निवृत्तीनंतर निधन झाल्यास हा वाढीव दर मृत्यूपासून ७ वर्षे किंवा दिवंगत व्यक्तीच्या वयाची ६७ वर्षे पूर्ण झाली असती ती तारीख, यांपैकी जी आधी येईल तोवरच मिळतो. त्यानंतर ३० टक्के दराने, म्हणजे येथे १५,००० रुपये देय होतात.

सात वर्षे ऑगस्ट २०२६ मध्ये पूर्ण होतात. पण ६७ वर्षे मे २०२४ मध्येच पूर्ण झाली. प्रणालीत नोंद मात्र २०२६ ची राहिली. ही बाब जून २०२५ अखेर लक्षात आली असे मानू. मे महिन्यातील काही दिवसांचा हिशेब बाजूला ठेवला, तरी जून २०२४ ते जून २०२५ या १३ महिन्यांत दरमहा १०,००० रुपये प्रमाणे १,३०,००० रुपये मूळ रकमेत जादा गेले. या १०,००० रुपयांवरील महागाई वाढ जून २०२४ मध्ये ५० टक्के, जुलै ते डिसेंबर २०२४ मध्ये ५३ टक्के आणि जानेवारी ते जून २०२५ मध्ये ५५ टक्के होती. ती अनुक्रमे ५,०००, ३१,८०० आणि ३३,००० रुपये, म्हणजे एकूण ६९,८०० रुपये झाली. दोन्ही मिळून जादा रक्कम १,९९,८०० रुपये.

आता दुसरी बाजू पाहू. त्या महिलेस यापुढे १५,००० रुपये आणि त्यावर ५५ टक्के महागाई वाढ, असे २३,२५० रुपये मिळणार. आधीच्या ३८,७५० रुपयांवरून उत्पन्न एकदम इतके खाली आले. त्यातून एक तृतीयांश, म्हणजे ७,७५० रुपये दरमहा कापले गेले, तर हाती १५,५०० रुपये उरतील आणि वसुली २६ महिने चालेल. चूक तारखेच्या एका नोंदीची. परंतु तिचा भार सव्वादोन वर्षे एका घराच्या स्वयंपाकघरावर पडतो. म्हणूनच वसुलीकडे केवळ लेखा-समायोजन म्हणून पाहता येत नाही.

निर्णयाचा अधिकार कोणाचा?

बँक ही निवृत्तिवेतन मंजूर करणारी संस्था नाही. ती शासनाच्या वतीने ते अदा करणारी अभिकर्ता आहे. मंजुरी कार्यालयप्रमुख आणि लेखा प्राधिकारी देतात. मंजुरीचा दस्तऐवज म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश. तो पीपीओ या नावाने सर्वांना परिचित आहे. बँकेने त्या आदेशानुसार रक्कम अदा करावयाची असते.

पूर्वी, १९९१ पासून चालत आलेल्या पद्धतीनुसार, जादा रक्कम आढळल्यास बँक प्रथम खात्यातील शिलकेतून ती समायोजित करीत असे. ते शक्य नसल्यास पुढील निवृत्तिवेतनातून दरमहा निव्वळ देय रकमेच्या एक तृतीयांशापर्यंत कपात केली जाई. या विषयावरील आपली जुनी परिपत्रके रिझर्व्ह बँकेने २१ जानेवारी २०२१ रोजी मागे घेतली. वसुली कोणत्या पद्धतीने करावी, याबाबत बँकांनी संबंधित निवृत्तिवेतन मंजुरी प्राधिकाऱ्याचे मार्गदर्शन घ्यावे, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्याचबरोबर एक महत्त्वाची बाब स्पष्ट करण्यात आली : जादा रक्कम बँकेच्या चुकीमुळे गेली असेल, तर ग्राहकाकडून वसुली होण्याची वाट न पाहता बँकेने ती शासनाच्या खात्यात तत्काळ एकरकमी भरावी.

वरील उदाहरणात तारखेची चूक बँकेच्या प्रणालीतील असेल, तर १,९९,८०० रुपये शासनास परत करण्याची पहिली जबाबदारी बँकेची ठरते. शासनाचे पैसे अडकले आहेत म्हणून ग्राहकाने घाईने भरावेत, असे कारण तेथे उरत नाही. ग्राहकाकडून वसुली करावी की नाही आणि कशी, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

नियम काय सांगतात?

केंद्र शासनाच्या नागरी कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, २०२१ मधील नियम ६६ महत्त्वाचा आहे. अंतिम निश्चितीनंतर एकदा प्राधिकृत झालेले निवृत्तिवेतन, पुढे लेखनिकी चूक आढळल्याखेरीज, निवृत्तिवेतनधारकाच्या अहिताचे होईल अशा रीतीने सुधारता येत नाही. अशी चूक प्राधिकृत केल्यापासून २ वर्षांनंतर आढळली, तर निवृत्तिवेतन व निवृत्तिवेतनधारक कल्याण विभागाच्या सहमतीवाचून कपात करता येत नाही. जादा प्रदान निवृत्तिवेतनधारकाने चुकीची माहिती दिल्यामुळे झालेले नसेल, तर वसुली माफ करता येईल का, हे संबंधित मंत्रालयाने व्यय विभागाशी विचारविनिमय करून तपासावयाचे असते. माफी मिळाली नाही, तर रक्कम परत करण्यासाठी २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्या मुदतीत रक्कम न भरल्यास पुढील निवृत्तिवेतनातून एक वा अधिक हप्त्यांत समायोजन करण्याचा लेखी आदेश काढला जातो.

रेल्वे व संरक्षण दलांचे नियम स्वतंत्र आहेत आणि प्रत्येक राज्याचेही. निवृत्तीनंतर माणूस कोठे स्थायिक झाला यावर नियम ठरत नाहीत. कोणत्या शासनाने निवृत्तिवेतन मंजूर केले यावर ते ठरतात. इंदूर वा बडोद्यात राहणाऱ्या महाराष्ट्र शासनाच्या निवृत्त शिक्षकास महाराष्ट्राचेच नियम लागू होतात. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ आहेत. त्यांच्याबाबत पत्रव्यवहार कोषागार आणि मुंबई वा नागपूर येथील महालेखापाल कार्यालयाशी करावा लागतो.

न्यायालयांची भूमिका

निवृत्तिवेतन ही शासनाची मेहरबानी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद प्रकरणात आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा प्रकरणात ठामपणे मांडले. १७ डिसेंबर हा दिवस आजही निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो.

जादा रकमेच्या वसुलीबाबत मात्र न्यायालयांपुढे दोन बाजू होत्या. पैसा जनतेचा आहे, तो कोणाच्याही चुकीने गेला तरी परत यावा, ही एक बाजू. २०१२ मधील चंडीप्रसाद उनियाल प्रकरणात न्यायालयाचा कल या बाजूस होता. दुसरी बाजू अशी की, ज्याने कोणतीही लबाडी केली नाही आणि आलेला पैसा प्रामाणिकपणे खर्च केला, त्याच्याकडून उतारवयात तो ओढून घेणे कठोर ठरते. या दोहोंचा तोल १८ डिसेंबर २०१४ रोजी ‘पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह’ या निकालात साधला गेला. नियोक्त्याच्या चुकीने जादा रक्कम दिली गेली असता पुढील पाच परिस्थितींत वसुली करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे :

१. कर्मचारी तृतीय वा चतुर्थ श्रेणीतील, म्हणजे गट ‘क’ वा गट ‘ड’ मधील असेल.

२. तो निवृत्त झाला असेल किंवा वसुलीच्या आदेशापासून एका वर्षाच्या आत निवृत्त होणार असेल.

३. वसुलीच्या आदेशापूर्वी ५ वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल.

४. कर्मचाऱ्याकडून वरच्या पदाचे काम चुकीने करवून घेऊन त्या पदाचे वेतन दिले असेल.

५. वसुली इतकी अन्यायकारक, कठोर वा मनमानी ठरेल की शासनाच्या वसुलीच्या हक्कापेक्षा कर्मचाऱ्यावरील अन्यायाचे पारडे जड होईल.

केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने २ मार्च २०१६ च्या कार्यालयीन ज्ञापनाद्वारे हे मुद्दे सर्व मंत्रालयांना कळवले. अशा परिस्थितीत माफीसाठी व्यय विभागाची मान्यता घ्यावयाची असते. २ मे २०२२ रोजी केरळमधील एका निवृत्त शिक्षकाच्या आणि २०२५ मध्ये ओडिशातील निवृत्त न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीनंतरची वसुली पुन्हा नाकारली.

बँकांच्या दृष्टीने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा ऑगस्ट २०२० मधील निकाल अभ्यासण्याजोगा आहे. भंडारा येथील आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या, ऐंशी वर्षे ओलांडलेल्या एका गृहस्थांचे निवृत्तिवेतन बँकेने परस्पर कमी केले होते आणि ३ लाख ६९ हजारांहून अधिक रकमेची वसुली काढली होती. मंजूर निवृत्तिवेतन स्वतःहून नव्याने निश्चित करण्याचा अधिकार बँकेस नाही, असे स्पष्ट करून न्यायालयाने ती वसुली रद्द केली आणि बँकेस ५०,००० रुपयांचा खर्च भरावयास लावला.

हमीपत्राचा प्रश्न

निवृत्तिवेतनाचे खाते सुरू करताना ‘देय रकमेपेक्षा जादा जमा झालेली रक्कम परत करीन’ अशा आशयाच्या हमीपत्रावर ग्राहकाची स्वाक्षरी घेतली जाते. बहुतेकांस ते आठवतही नाही. पण जुलै २०१६ मधील जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हमीपत्रास महत्त्व दिले. तेथील निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याने सुधारित वेतन स्वीकारताना जादा रक्कम परत करण्याची लेखी हमी दिली होती. त्यामुळे वसुलीची पूर्वकल्पना त्यांना होती, असे मानून वसुली मान्य करण्यात आली आणि रक्कम दोन वर्षांत समान हप्त्यांनी घ्यावी, असे सांगण्यात आले. यास्तव न्यायालयाचा निकाल आहे म्हणून वसुली होणारच नाही, असे समजून निर्धास्त राहणे योग्य नाही. वरील पाच मुद्दे ही ढाल आहे, हमखास माफीपत्र नव्हे.

माहिती दडवणाऱ्यास ही ढालही मिळत नाही. पात्रतेवर परिणाम करणारा पुनर्विवाह वा नोकरी न कळवणे, मृत व्यक्तीच्या खात्यातून एटीएम कार्डाने निवृत्तिवेतन काढत राहणे अशा बाबतींत रक्कम परत करावीच लागते आणि पुढील कारवाईही होऊ शकते.

पत्र आल्यावर करावयाच्या गोष्टी

१. पत्र मिळाल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी. मुदतीची गणना तेथून सुरू होते.

२. महिनावार तक्ता लेखी मागावा. कोणत्या महिन्यात किती देय होते, किती दिले, फरक किती आणि चूक कोठे झाली, हे त्यात असावे. केवळ एकूण आकडा पुरेसा नाही.

३. पीपीओ काढून पडताळणी करावी. जन्मतारीख, अंशराशीकरणाची रक्कम व तारीख, वाढीव कुटुंब निवृत्तिवेतनाची अंतिम तारीख या नोंदी त्यावर असतात. वेतन आयोगानंतरचा सुधारित आदेशही सोबत ठेवावा.

४. खात्याची दुसरी बाजूही तपासावी. अंशराशीकरणाची कपात १५ वर्षांनी थांबून मूळ निवृत्तिवेतन पूर्ववत व्हावयास हवे. ८० व्या वर्षीची वाढ वेळेवर मिळावयास हवी. अशा एखाद्या रकमेची थकबाकी ग्राहकालाच येणे निघू शकते. बँकेच्या दिरंगाईमुळे निवृत्तिवेतन वा थकबाकी उशिरा जमा झाल्यास वार्षिक ८ टक्के दराने भरपाई देण्याची तरतूद आहे.

५. लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. उत्तर बँकेच्या केंद्रीय निवृत्तिवेतन प्रक्रिया केंद्रास आणि मंजुरी प्राधिकाऱ्यास, असे दोन्ही ठिकाणी पाठवावे. आशय पुढीलप्रमाणे असू शकतो : ‘आपले पत्र मिळाले. मी कोणतीही माहिती दडवलेली नाही. महिनावार तक्ता व मंजुरी प्राधिकाऱ्याच्या आदेशाची प्रत द्यावी. सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा निकाल व २ मार्च २०१६ चे ज्ञापन विचारात घेऊन वसुली माफ करण्याबाबत निर्णय व्हावा. तोवर कपात करू नये.’ राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांनी ज्ञापनाऐवजी आपल्या राज्याच्या नियमांचा आधार घ्यावा.

६. रक्कम खरोखरच देय ठरली, तर एकरकमी भरण्याचा आग्रह स्वीकारलाच पाहिजे असे नाही. उत्पन्न, औषधांचा खर्च, अवलंबून असलेल्या व्यक्ती यांचा तपशील देऊन लहान हप्त्यांची विनंती करावी. कोऱ्या किंवा न समजलेल्या संमतीपत्रावर स्वाक्षरी करू नये.

७. भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जपावी आणि वसुली पूर्ण झाल्यावर ‘येणे बाकी नाही’ असे पत्र घ्यावे.

उदाहरणातील महिलेच्या प्रकरणात जादा प्रदानाचा कालावधी ५ वर्षांहून पुष्कळ कमी आहे आणि ती स्वतः कर्मचारी नाही. तेव्हा सर्व मुद्दे तिला जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही. तथापि चूक आपली नाही, उत्पन्न आधीच घटले आहे आणि वसुली कठोर ठरेल, हा पाचव्या मुद्द्याचा आधार घेऊन तिला माफीसाठी अर्ज करता येतो. तो नाकारला गेला तरी सोयीच्या हप्त्यांसाठी तिचे म्हणणे नोंदले गेलेले असते.

दाद कोठे मागावी?

बँकेच्या कार्यवाहीबद्दल तक्रार असल्यास प्रथम शाखेकडे व बँकेच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास वा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. मंजुरी प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना ‘सीपेनग्राम्स’ या संगणकीय प्रणालीवर तक्रार नोंदवता येते, तसेच निवृत्तिवेतन अदालतीत प्रकरण ठेवता येते. त्यापुढे केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आणि अंतिमतः उच्च न्यायालय हे मार्ग आहेत. तेथे जाण्यापूर्वी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

शाखेतील सहकाऱ्यांसाठी

वसुलीचे पत्र संगणकातून निघते. पण ते घेऊन येणारा ग्राहक शाखेच्या खिडकीशी उभा असतो. ‘हे केंद्राकडून आले आहे, आम्हाला काही सांगता येणार नाही’ हे उत्तर त्याची चिंता वाढवते. तक्ता मागवून देणे, तो समजेल अशा भाषेत सांगणे, अर्जावर पोच देणे आणि तो अर्ज प्रक्रिया केंद्राकडे त्वरित पाठवणे एवढे प्रत्येक शाखेस सहज करता येते. मंजुरी प्राधिकाऱ्याचे मार्गदर्शन व ग्राहकास पूर्वसूचना याखेरीज खात्यातून रक्कम वळती होऊ नये, याची दक्षता घ्यावी.

चूक न होऊ देणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला घेताना पीपीओवरील जन्मतारीख आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची अंतिम तारीख प्रणालीतील नोंदींशी ताडून पाहिली, तर वर सांगितलेल्या चुकांपैकी अनेक चुका पहिल्याच वर्षी उघडकीस येतील. ग्राहकांनीही दरमहाची पेन्शन स्लिप जपून ठेवावी आणि रकमेत कारण न कळणारी वाढ दिसली की त्याच महिन्यात शाखेत विचारणा करावी. एका महिन्याची चूक दुरुस्त करणे सोपे असते. दहा वर्षांची चूक कोणालाच परवडत नाही.